दोन बोटं माया

झरीच्या अलीकडं, गतिरोधकावर
आमची टमटम हळू झाली
मागची पांढरी गाडी झाली नाही.
एवढंच.
रक्ताचा थेंब नाही. काच फुटली ती त्यांची.
फक्त माझं डोकं आधी मागं गेलं, मग पुढं,
कुणी चादर झटकावी तसं.
अस्तराची पिशवी पायाशी पडली,
मी वाकून उचलली.
तेवढं वाकणं शेवटचं.

गाडीवाला उतरला. काही झालं नाही ना, मावशी?
मी मान हलवली : नाही.
पुढं कोर्टात त्यानं
तीच मान साक्षीला काढली.

रात्री मान धरली.
गयाबाईनं एरंडाचं पान शेकून बांधलं, उसण आहे म्हणाली.
बाजारातला न्हावी म्हणाला, बसा,
एका झटक्यात मोकळी करतो.
तिसऱ्या दिवशी डाव्या हाताचं वारूळ झालं,
मुंग्याच मुंग्या, सुईत दोरा जाईना,
तेव्हा जिंतूरहून परभणी.

गळ्याला पट्टा आला.
लग्न झाल्यापासून जो तो सांगत आला, मान खाली ठेव.
आता डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहून दिलं : ताठ.
सहा आठवडे.
मशीनवर बसले तर टीप दिसेना,
ताठ मानेनं ब्लाऊज शिवता येत नाही, बाई.

वाकळे वकिलांची खोली झेरॉक्सच्या दुकानावर.
पंचनामा आणा, विम्याचा कागद, गोळ्यांच्या पावत्या.
फिर्याद तीन दिवस उशिरा का, ते सांगायचं पाठ करा.
आणि उत्पन्नाचा पुरावा?
मी मापांची वही दिली.
दोनशे पानी, पुठ्ठ्यावर शाळेचं वेळापत्रक.
शमीम, मागचा गळा सात.
कोंडाबाई, बाही कोपराखाली, डाग झाकायचेत.
जया मास्तरीण, दर दिवाळीला अर्धा इंच.
बाजूला पैसे. काही बाकी, बऱ्याच बाकी.
वहीवर शिक्का बसला : निशाणी एकवीस.

कंपनीचा वकील थुंकी लावून पानं उलटायला लागला,
भर कोर्टात, मोठ्यानं,
छाती चौतीस, कंबर तीस…
मी उभी राहिले. अख्खी, कारण अर्धी उठताच येत नाही.
साहेब, त्यांना म्हणावं शिलाईचे दर वाचा,
मापं माझ्या बायांची आहेत.
न्यायाधीश बाईच होत्या.
त्यांनी वही मागून घेतली
आणि मिटून आपल्या कोपराखाली ठेवली.

सरकारी दवाखान्याचा दाखला म्हणतो,
अपंगत्व अठरा टक्के, कायमचं.
मागून हाक आली की मी दाराच्या फळीसारखी फिरते.
उरलेले ब्याऐंशी टक्के
रात्री कोणत्या कुशीवर ठेवायचे,
ते दाखल्यात नाही.

मग लोकअदालतीचा दिवस. मांडवात खुर्च्या, पंखे, चहा.
वाकळे कानाशी आले : दोन लाख दहा म्हणतायत, ताई.
घेऊन टाका.
नाहीतर अपील, औरंगाबाद, वर्षांमागून वर्षं.

मी म्हणलं, वकीलसाहेब,
कुणाचाही कपडा शिवताना आत मी दोन बोटं माया सोडते.
अंग वाढतं. लेकरं होतात, औषधं फुगवतात,
उसवून मोठं करता आलं पाहिजे.
दुखणं बी वाढतंय.
ह्या आकड्यात माया किती सोडली त्यांनी?

ते गप्प झाले. खिशातला पेन काढला, परत ठेवला.
मग उठून गेले,
माझ्या पाठीमागं, कंपनीच्या टेबलाकडं.

मला वळून बघता येत नाही.
समोर कनातीला एक टाका उसवलाय,
वाऱ्यानं हळूहळू लांबत चाललाय.
तो बघत मी बसलेय,
मागं आवाज चढतायत, उतरतायत.